चोरबाजारातला युद्धकाळातला बॅरोमीटर: शब्द विसरा, काटा तपासा

मटन स्ट्रीटवर जुन्या घड्याळांच्या, ग्रामोफोनच्या आणि जहाजी दिव्यांच्या गर्दीत एक गोल पितळी डबा हमखास दिसतो: हवेचा दाब मोजणारा बॅरोमीटर. काचेखाली तबकडी, तिच्यावर पाऱ्याच्या उंचीचे 28 ते 31 इंचांचे आकडे आणि आकड्यांच्या वर इंग्रजीत ‘वादळ’, ‘पाऊस’, ‘बदल’, ‘स्वच्छ’ अशा अर्थाचे शब्द. दुकानदार ठामपणे सांगतो, ‘वर्ल्ड वॉरचा आहे, जहाजावरचा.’ रे रोडच्या दारूखान्यात जहाजे मोडली जातात, त्यामुळे या दाव्यात कधीकधी तथ्य असतेही. पण बहुतेक वेळा नसते. युद्धकाळातल्या हवामान अंदाजाच्या साधनांपैकी मुंबईच्या जुन्या बाजारात काय मिळते, त्यातले काय घेण्यासारखे आहे आणि घेतल्यावर ते मुंबईच्या हवेत कसे वापरायचे, याचे हे परीक्षण.

आधी निकाल. चालू स्थितीतला ॲनेरॉइड, म्हणजे पाऱ्याविना चालणारा बॅरोमीटर जरूर घ्या. बॅरोग्राफ, म्हणजे दाबाची रेघ कागदावर ओढत जाणारे यंत्र, त्याचे घड्याळ चालत असेल तरच घ्या. पाऱ्याच्या उभ्या बॅरोमीटरच्या वाटेला जाऊ नका. आणि तबकडीवरच्या शब्दांसाठी एक रुपयाही जास्त देऊ नका, कारण सैन्याच्या आणि हवामान खात्याच्या खऱ्या उपकरणांवर सहसा ते शब्द नसतच. तिथे फक्त आकडे असत. शब्दांची तबकडी हा घरगुती दिवाणखान्यातला प्रकार. इंग्लंडमध्ये हवामान अंदाजाचा पाया घालणाऱ्या ॲडमिरल फिट्झरॉय यांनी एकोणिसाव्या शतकातच सांगून ठेवले होते की काटा कोणत्या शब्दावर आहे यापेक्षा तो चढतो आहे की उतरतो आहे, हे महत्त्वाचे.

मुंबईत तर हे शब्द पार निरुपयोगी आहेत. समुद्रसपाटीला आणलेला, म्हणजे जागेच्या उंचीचा फरक भरून काढलेला इथला दाब जानेवारीत सरासरी 1013 हेक्टोपास्कलच्या (हे दाबाचे आजचे एकक) आसपास असतो आणि जुलैत 1003-1004 पर्यंत उतरतो. इंचांत सांगायचे तर 29.9 आणि 29.6. इंग्रजी तबकडीवर 29.5 ला ‘बदल’ आणि 30 ला ‘स्वच्छ’. म्हणजे ऐन आषाढात धो धो कोसळत असताना काटा ‘बदल’च्या जरा उजवीकडे शांत उभा! 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि कुलाब्याला जेमतेम 73. एवढ्या जवळच्या दोन ठिकाणांत एवढा फरक पाडणारा पाऊस दाबाच्या काट्यावर दिसत नाही. बॅरोमीटरचे काम ते नव्हेच.

मग त्याचे काम काय? युद्धकाळातला अंदाजकार त्याच्याकडून एकच गोष्ट घ्यायचा: एका ठिकाणचा, एका ठरलेल्या वेळेचा, दुरुस्त केलेला एक आकडा. त्या एका आकड्याला एकट्याने काही अर्थ नसे. शेकडो ठिकाणचे असे आकडे एकाच वेळी एका नकाशावर आले की त्यातून वादळाचा आकार दिसू लागे. ही साखळी किती मोलाची हे युद्धानेच दाखवले आणि युद्धानेच ती तोडली. क्रिमियाच्या युद्धात 14 नोव्हेंबर 1854 ला काळ्या समुद्रातल्या वादळाने फ्रेंच आणि ब्रिटिश जहाजांची दाणादाण उडवली. त्यानंतर फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ल व्हेरिए यांनी दाखवून दिले की ते वादळ युरोप ओलांडत आले होते आणि तारायंत्राने त्याची आगाऊ वर्दी देता आली असती. पहिल्या महायुद्धात शत्रुराष्ट्रांचे आकडे मिळेनासे झाल्यावर नॉर्वेतल्या बर्गेन इथे बियर्कनेस पितापुत्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतःच्या देशात निरीक्षण केंद्रे दाट पेरली. त्या दाट आकड्यांतून त्यांना थंड आणि उबदार हवेच्या सीमारेषा सापडल्या. रणांगणावरच्या शब्दावरूनच त्यांनी त्यांना ‘फ्रंट’ म्हटले. आपल्या भूगोलाच्या पुस्तकातल्या ‘शीत आघाडी’ आणि ‘उष्ण आघाडी’ तिथून आल्या.

दुसऱ्या महायुद्धात दाबाचा आकडा म्हणजे लष्करी गुपित. सप्टेंबर 1939 मध्ये ब्रिटनमध्ये रेडिओवरचा हवामान अंदाज बंद झाला, तो युरोपातले युद्ध संपल्यावरच परत आला. निरीक्षणे पाच-पाच अंकांच्या गटांत बसवून, वर गुप्त अंकांचे कुलूप घालून पाठवली जात. समुद्रावरची जहाजे तर बोलतच नसत, कारण बिनतारी संदेश दिला की जागा उघडी पडे. जर्मनीची अडचण याहून मोठी होती. युरोपचे हवामान पश्चिमेकडून, अटलांटिकवरून येते आणि अटलांटिक शत्रूच्या हातात. म्हणून त्यांनी उत्तरेकडे हवामान-जहाजे ठेवली. ‘म्युन्शेन’ आणि ‘लाउएनबुर्ग’ ही त्यातली दोन जहाजे ब्रिटिशांनी 1941 मध्ये पकडली आणि त्यांच्यावरच्या सांकेतिक कागदांतून जर्मनांच्या एनिग्मा या गुप्तलेखन यंत्राचे संदेश फोडायला मदत झाली. हवामानाचा साधा रोजचा संदेश, पण ठरलेल्या वेळी आणि ठरलेल्या साच्यात जाणारा. कुलूप तिथेच सैल झाले. ऑक्टोबर 1943 मध्ये एका पाणबुडीतून जर्मनांनी आजच्या कॅनडातल्या लॅब्राडोर किनाऱ्यावर स्वयंचलित हवामान केंद्र नेऊन उभे केले. त्याचा पत्ता जगाला युद्धानंतर तीन दशके उलटल्यावर लागला.

एवढे सारे कशासाठी, तर त्या एका आकड्यासाठी. तो आकडा देणारे यंत्र बाजारात हातात घेताना हे ध्यानात असावे.

ॲनेरॉइड म्हणजे शाळेतला ‘निर्द्रव वायुभारमापक’. 1844 मध्ये ल्यूसियाँ विदी या फ्रेंच माणसाने तो प्रत्यक्षात आणला. आत एक चपटी, वळ्यावळ्यांची धातूची डबी असते. तिच्यातली हवा जवळजवळ सगळी काढून ती झाळलेली असते. बाहेरच्या दाबाने ती चेपून सपाट होऊ नये म्हणून एक मजबूत पोलादी पट्टी-कमानी तिला ओढून धरते. दाब वाढला की डबी किंचित दबते, कमी झाला की फुगते. ही हालचाल केसाएवढी. तरफांच्या जोडणीने ती मोठी होते, बारीक साखळीने काट्याच्या दांड्यावर येते आणि घड्याळात असते तशी बाल-कमानी साखळीला ताण देते. डबी, पट्टी, तरफ, साखळी, बाल-कमानी आणि काटा या सहा गोष्टींपैकी मुंबईत सर्वांत आधी मरते ती साखळी. समुद्राच्या खाऱ्या दमट हवेत तिचे पोलादी दुवे गंजतात. तुटली की काटा झटक्याने एका टोकाला जाऊन पडतो. गंजून आखडली तर काटा धक्क्याधक्क्याने चालतो. साखळीची दुरुस्ती जुना, बारीक कामाचा हात असलेला घड्याळजी करू शकतो. डबी गळकी असेल तर मात्र आशा सोडा. हवा आत शिरलेली डबी फुगून बसते आणि काटा कमी दाबाच्या, म्हणजे ‘वादळ’च्या टोकाला अडकतो. बाहेर लख्ख ऊन आणि काटा 28 च्या खाली, असा बॅरोमीटर दिसला तर बहुधा डबीच गेलेली आहे.

दुकानात करायची तपासणी सोपी आहे. बॅरोमीटर ज्या स्थितीत टांगायचा त्याच स्थितीत धरा, आडवा धरला तर वाचन बदलते. काचेवर बोटाने हलकेच टिचकी मारा. काटा किंचित हलून स्थिरावला पाहिजे. अजिबात हलला नाही तर कुठेतरी चिकटला आहे, आणि प्रत्येक टिचकीला नवी जागा घेत असेल तर चुळी झिजल्या आहेत. मग घट्ट बंद होणारी पारदर्शक प्लास्टिकची पिशवी काढा. बॅरोमीटर आत ठेवून, पिशवीत भरपूर हवा राहील अशी ती बंद करा आणि हातांनी हळू दाबा. काटा चढला पाहिजे, सोडल्यावर मूळ जागी आला पाहिजे. पिशवी विसरू नका, कारण आसपासच्या चार मजली इमारतीचा जिना चढून तपासायला गेलात तर फरक जवळजवळ दिसणारच नाही. मुंबईच्या उबदार हवेत साधारण 9 मीटर चढल्यावर 1 हेक्टोपास्कल उतरतो. चार मजले म्हणजे 12 मीटर, सव्वा हेक्टोपास्कल, इंचांच्या तबकडीवर 0.04. तेवढे डोळ्यांना जेमतेम कळते.

खरी परीक्षा उंच इमारतीच्या लिफ्टमध्ये होते. दुकानदार तयार असेल तर अनामत ठेवून करून घ्यावी, नाहीतर घेतल्यावर त्याच दिवशी. 20 मजले म्हणजे सुमारे 60 मीटर. काटा साडेसहा ते सात हेक्टोपास्कल, म्हणजे 0.2 इंच किंवा 5 मिलिमीटर पारा इतका उतरला पाहिजे. खाली आल्यावर टिचकी मारून पाहा. मूळ आकड्यापासून अर्ध्या हेक्टोपास्कलच्या आत आला तर यंत्र उत्तम, एकाच्या आत आला तर चालेल. त्याहून जास्त फरक राहिला तर पट्टी थकली आहे किंवा तरफा घासतात. अशा यंत्रावर वादळाच्या दिवशी विसंबता येत नाही. जहाजी बॅरोमीटर लोणावळ्याला नेऊन तपासण्याचा मोह टाळा. तिथे 600 मीटरवर दाब जवळजवळ 2 इंचांनी कमी असतो, काटा तबकडीच्या खाली जातो आणि ओढ बसून जुनी साखळी सुटू शकते.

अस्सल कोणता? सरकारी ब्रिटिश मालावर बाणाच्या टोकासारखी तीन रेघांची खूण असते. पण तो शिक्का आज कोणीही मारू शकतो, म्हणून त्याला पुरावा मानू नका. रुरकीकडे पितळेची ‘जहाजी’ सामग्री नव्याने घडवण्याचा मोठा व्यवसाय आहे. शोभेचा माल म्हणून तो वाईट नाही, पण जुना म्हणून जुन्याच्या भावात विकला जातो तेव्हा ती फसवणूक होते. स्क्रू पाहा. युद्धापूर्वीच्या आणि युद्धकाळातल्या ब्रिटिश उपकरणांत एका खाचेचे स्क्रू असतात, अधिकची खूण असलेले स्क्रू दिसले तर शंका घ्या. अक्षरांचे कोरीवकाम पाहा. कंपनीच्या नावातच स्पेलिंगची चूक असलेला माल सर्रास मिळतो. मागच्या बाजूला जुळणीचा छोटा स्क्रू आणि आतली डबी दिसणारे भोक आहे का, ते पाहा. मिलिबारमधली तबकडी असेल तर ती खात्याच्या कामातली असण्याची शक्यता जास्त. ब्रिटिश हवामान खात्याने 1914 मध्येच मिलिबार स्वीकारला होता. मिलिबार आणि हेक्टोपास्कल एकच, तेव्हा आजच्या आकड्यांशी थेट ताडता येते. इंचांच्या तबकडीला 33.86 ने गुणावे लागते.

एक इशारा गंभीरपणे घ्या. विमानातले उंची दाखवणारे अल्टीमीटरही याच बाजारात मिळतात आणि आतून ते ॲनेरॉइडच असतात. पण युद्धकाळातल्या अनेक अल्टीमीटरचे आकडे अंधारात चमकावेत म्हणून रेडियमच्या रंगाने रंगवलेले असत. आता चमक गेलेली असते, किरणोत्सर्ग गेलेला नसतो. रेडियमचे अर्धायुष्य सुमारे 1600 वर्षांचे आहे. पिवळट, पोपडे धरलेला रंग आकड्यांवर दिसला तर काच उघडू नका, घासू नका, लहान मुलांच्या हाती देऊ नका. खरे तर घेऊच नका.

पाऱ्याचा बॅरोमीटर दिसायला राजेशाही. युद्धकाळातल्या प्रत्येक मोठ्या केंद्राचा मानदंड तोच होता. त्याचे वाचन घेण्याचा क्रम ठरलेला होता. आधी त्याला जोडलेले तापमापक वाचायचे, कारण जवळ उभ्या माणसाच्या अंगाची ऊब पाऱ्यापर्यंत लगेच पोहोचते. मग फोर्टिन प्रकारात खालच्या कुंडीतला पारा स्क्रूने वर आणून हस्तिदंती टोकाला टेकवायचा. टोक आणि त्याचे पाऱ्यातले प्रतिबिंब एकमेकांना शिवले की थांबायचे. क्यू प्रकारात ही खटपट नसते, तिथे पट्टीच्या खुणा त्या हिशोबाने आखडून कोरलेल्या असतात. नळीला टिचकी मारायची, व्हर्नियर, म्हणजे बारीक वाचनाची सरकती पट्टी, पाऱ्याच्या फुगीर माथ्याला टेकवायचा, वाचायचे. आणि इथून खरे काम सुरू. 30 अंश तापमानात फुगलेल्या पाऱ्यासाठी सुमारे 4.9 हेक्टोपास्कल वजा. मुंबईच्या अक्षांशावर गुरुत्व थोडे कमी, म्हणून आणखी सुमारे 2 वजा. यंत्राची स्वतःची चूक प्रमाणपत्रावर असेल तशी. शेवटी केंद्राच्या उंचीसाठी अधिक. यातली पहिली दोन वजाबाकी विसरणे म्हणजे 7 हेक्टोपास्कलची चूक, आणि एवढ्या फरकाने नकाशावर नसलेले वादळ उभे राहते किंवा असलेले पुसले जाते. ॲनेरॉइडला तापमानाची दुरुस्ती आतच केलेली असते आणि गुरुत्वाशी त्याचे देणेघेणे नसते. घरासाठी तो बरा, ते यामुळेही. पाऱ्याच्या नळीत बुडबुडा असेल तर वाचन कमी येते, वाहतुकीत पारा आपटून काच फुटते आणि सांडलेल्या पाऱ्याची वाफ घरात विष पसरवत राहते. विमानाने तर तो नेऊच देत नाहीत.

दुरुस्त केलेल्या एका आकड्यावर किती भार असे, याचे उदाहरण आयर्लंडच्या पश्चिम टोकावरच्या ब्लॅकसॉडचे. आयर्लंड तटस्थ होता, तरी त्याची हवामान निरीक्षणे ब्रिटनला जात. 3 जून 1944 च्या मध्यरात्रीनंतर तिथल्या पोस्टात काम करणाऱ्या मॉरीन फ्लॅव्हिन यांनी घेतलेल्या वाचनात दाब झपाट्याने उतरताना दिसला. पलीकडून फोन आला, वाचन पुन्हा तपासून सांगा. तिने पुन्हा तपासले, आकडा तोच. त्या दिवशी ती 21 वर्षांची झाली होती. फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरची दोस्त राष्ट्रांची चढाई 5 जूनला ठरली होती. चढाईचे मुख्य हवामान सल्लागार ग्रुप कॅप्टन जेम्स स्टॅग यांच्यापुढे तीन अंदाज केंद्रे होती. जुन्या नकाशांतून आजच्यासारखा दिवस शोधून त्यावरून अंदाज बांधणाऱ्या अमेरिकी गटाला 5 तारीख चालण्यासारखी वाटत होती. ब्रिटिश हवामान खात्याच्या डन्स्टेबल केंद्रात बसलेले नॉर्वेजियन स्वेरे पेटरसन याला ठाम विरोध करत होते. चढाई पुढे ढकलली गेली, मग दोन वादळांमधली छोटी उघडीप दिसली आणि 6 जून ठरला. अटलांटिकवरचे आकडे नसलेल्या जर्मनांना त्या उघडिपीचा अंदाज आला नाही. भरती-ओहोटी आणि चंद्र यांचा पुढचा मेळ 19 जूनच्या सुमारास होता. त्याच दिवशी इंग्लिश खाडीत असे वादळ उठले की दोस्त राष्ट्रांनी उभारलेले एक कृत्रिम बंदर मोडून पडले.

पुन्हा तपासून सांगा, हा प्रश्न का आला असेल? नकाशावर प्रत्येक केंद्राच्या गोलाभोवती ठरलेल्या जागी आकडे भरतात. उजवीकडे वर दाबाचे शेवटचे तीन अंक, म्हणजे 1008.4 साठी फक्त 084. डावीकडे वर तापमान. उजवीकडे मधोमध गेल्या तीन तासांतला दाबातला बदल. मग अंदाजकार मऊ पेन्सिलीने समदाब रेषा ओढतो. शेजारच्या सर्व केंद्रांना गुण्यागोविंदाने वळसा घालणारी रेषा एका केंद्रापाशी अचानक कुबड काढू लागली तर दोनच शक्यता: तिथे खरोखर काहीतरी आहे, किंवा वाचन चुकले. नकाशाच्या कडेला असलेल्या केंद्राच्या बाबतीत हे ताडायला पलीकडे दुसरे केंद्रच नसते. ब्लॅकसॉड तसे होते. मुंबईचे कुलाबाही तसेच. पश्चिमेला थेट अरबी समुद्र.

कुलाब्याची वेधशाळा 1826 ची. तिचे चुंबकीय काम ट्रामच्या विजेचा अडथळा नको म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अलिबागला गेले, हवामानाचे काम कुलाब्यातच राहिले. भारतीय हवामान खात्याचे मुख्यालय सिमल्याहून 1928 मध्ये पुण्याला आले. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर अजून ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. ऐन युद्धात, 1944 मध्ये ते दिल्लीला हलले आणि त्याच वर्षी कुलाबा-अलिबागच्या वेधशाळा सांभाळलेले डॉ. एस. के. बॅनर्जी खात्याचे पहिले भारतीय महासंचालक झाले. बाजारात भारतीय बनावटीचे जुने हवामान उपकरण मिळाले तर तेही कमी लेखू नका. स्वातंत्र्यानंतर पुण्यात अ‍ॅना मणी यांच्या देखरेखीखाली सुमारे शंभर उपकरणांचे आराखडे प्रमाणित झाले. गोऱ्या साहेबाच्या नावाची पाटी नाही म्हणून ते स्वस्तात मिळते, ही आपल्यासाठी चांगलीच गोष्ट.

बॅरोग्राफ म्हणजे ॲनेरॉइडलाच लेखणी. एकावर एक रचलेल्या सात-आठ डब्या, लांब हात, टोकाला शाईची निब आणि आठवड्यात एक फेरा मारणारा ड्रम, ज्याच्या पोटात घड्याळ असते. घेताना किल्ली देऊन ड्रम चालतो का पाहा. तासाभरात ड्रम कागदावरच्या एका तासाएवढा सरकला पाहिजे. घड्याळ बंद असेल तर घेऊ नका. दुसरी अडचण कागदाची. त्यावरच्या वेळेच्या रेषा सरळ नसून वक्र असतात, कारण हात वर्तुळाच्या कमानीत फिरतो. हाताची लांबी आणि ड्रमचा घेर दोन्ही जुळणारा कागदच चालतो, दुसऱ्या मापाच्या कागदावर वेळ चुकते. म्हणून यंत्रासोबत एक तरी जुना कागद मागून घ्या, त्यावरून नवे छापून घेता येतात. लेखणीचा दाब बरोबर आहे का हे पाहायला यंत्र 30 अंशांनी पुढे कलते करा. निब कागदापासून अलगद सुटली पाहिजे. सुटत नसेल तर घासून काटा मागे राहतो आणि रेघ पायऱ्यापायऱ्यांची येते. शाई ग्लिसरीनची असते, म्हणजे वाळत नाही. पण ग्लिसरीन हवेतले पाणी ओढते, त्यामुळे मुंबईच्या पावसाळ्यात निबवरचा थेंब फुगून कागदावर डाग पडतो. निब पाऊणच भरा आणि पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा टिपून घ्या.

बॅरोग्राफचा पहिला आठवडा पूर्ण झाला की कागदावर रोज दोन उंचवटे आणि दोन खळगे दिसतील. सकाळी 10 आणि रात्री 10 च्या सुमारास चढ, पहाटे 4 आणि दुपारी 4 ला उतार. हा वातावरणाचा स्वतःचा भरती-ओहोटीसारखा ताल. कोरड्या ऋतूत मुंबईत सकाळी 10 ते दुपारी 4 मध्ये दाब रोजच सुमारे 3 हेक्टोपास्कल उतरतो. इंग्लंडात ही हालचाल इतकी बारीक असते की वादळांच्या चढउतारात बुडून जाते, म्हणून तिकडच्या सवयीने वाचणाऱ्याला इथे दर दुपारी वादळ येताना दिसेल. याचसाठी आपल्याकडे तीन तासांच्या बदलापेक्षा 24 तासांतल्या बदलाला मान. आज सकाळी साडेआठचा आकडा वजा कालचा सकाळी साडेआठचा. ताल दोन्हीकडे सारखा, म्हणून तो वजा होऊन जातो.

हवेतली आर्द्रता मोजणारी, ओल्या-सुक्या बल्बची खुळखुळ्यासारखी फिरवायची तापमापकांची जोडीही क्वचित मिळते. ती घ्यायची तर दोन्ही नळ्यांतला पारा सलग आहे का पाहा आणि ओल्या बल्बवरची चिंधी नवी लावा. मलमलीचा तुकडा धुऊन खळ काढून टाका, पाणी डिस्टिल्डच वापरा. नळाच्या पाण्याचे क्षार आणि समुद्राचे मीठ चिंधीवर साचले की ओले वाचन जास्त येते. सेकंदाला चार फेऱ्या या वेगाने अर्धा मिनिट फिरवा, ओले आधी वाचा, पुन्हा फिरवा आणि आकडा उतरायचा थांबेपर्यंत हेच करा. सुके 32, ओले 28 आले तर आर्द्रता सुमारे 74 टक्के.

वरचा वारा मोजण्यासाठी सोडलेल्या फुग्यांच्या थिओडोलाइटबाबत, म्हणजे कोन मोजायच्या दुर्बिणीबाबत, मात्र जपून. मोजणीचा साधा थिओडोलाइट ‘बलून’वाला म्हणून विकला जातो. खऱ्यात नेत्रिका काटकोनात वळवलेली असते, म्हणजे फुगा थेट डोक्यावर गेला तरी निरीक्षकाला मान वर करावी लागत नाही. हायड्रोजनचा फुगा ठरावीक वेगाने चढतो असे धरून दर मिनिटाला दोन कोन टिपत. मिनिटाला 150 मीटर धरले तर तिसऱ्या मिनिटाला उंची 450 मीटर, आणि उन्नती कोन 30 अंश असेल तर फुगा आडवा सुमारे 780 मीटर दूर. अशा बिंदूंमधल्या अंतरावरून प्रत्येक थरातला वारा निघे. रात्री फुग्याखाली मेणबत्तीचा कागदी कंदील बांधत. ढगात शिरला की वाचन संपले. मुंबईच्या जून-जुलैत ते किती लवकर संपत असेल, याची कल्पना करता येते.

आता घरी आणलेल्या ॲनेरॉइडची जुळणी. सांताक्रूझ विमानतळाचा हवामान अहवाल दर अर्ध्या तासाला इंटरनेटवर येतो. त्यात ‘क्यू’ अक्षरापुढचे चार आकडे म्हणजे समुद्रसपाटीला आणलेला दाब. बॅरोमीटर आधी कायमच्या जागी टांगा: ऊन, स्वयंपाकघर आणि खिडकीच्या झोताच्या दूर, कारण पावसाळी सोसाट्यात खिडकीजवळचा काटा नुसता थरथरत राहतो. एक दिवस तसाच राहू द्या. मग सकाळी 10 च्या सुमारास, म्हणजे दाब माथ्यावर जवळजवळ स्थिर असताना, मागचा स्क्रू अगदी थोडा फिरवा, टिचकी मारा, वाचा, पुन्हा थोडा फिरवा. तुमच्या मजल्याची उंची या जुळणीतच सामावते, म्हणून घर बदलले की जुळणी पुन्हा करा. 20 हेक्टोपास्कलहून अधिक फरक काढायची वेळ आली तर स्क्रू पिळत बसू नका, बिघाड आत आहे. पुढचा महिनाभर दोन्ही आकडे शेजारीशेजारी लिहा, सरासरी फरक काढा आणि तो कागदावर लिहून मागे चिकटवा.

जहाजावर, रेडिओ बंद असताना, कप्तानाकडे एवढेच असे: स्वतःचा बॅरोमीटर, वारा आणि लाट. डिसेंबर 1944 मध्ये फिलिपाइन्सच्या पूर्वेला अमेरिकेचा तिसरा आरमारी ताफा टायफूनमध्ये सापडला, तीन विनाशिका बुडाल्या आणि सुमारे 790 माणसे गेली. उष्ण कटिबंधातल्या खलाशांचा नियम साधा आहे. त्या महिन्याच्या आणि त्या तासाच्या सरासरीपेक्षा दाब 3 हेक्टोपास्कलने खाली असेल तर संशय घ्या. 5 किंवा त्याहून खाली असेल तर जवळपास चक्रीवादळ आहे असेच समजा. वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा, उत्तर गोलार्धात कमी दाब तुमच्या डाव्या हाताला असतो. 3 जून 2020 चे ‘निसर्ग’ आणि 17 मे 2021 चे ‘तौक्ते’ मुंबईच्या इतक्या जवळून गेले की असा काटा घरात असता तर तो सरासरीच्या खाली जाताना नुसत्या डोळ्यांनी दिसला असता. पण ती सरासरी माहीत असायला हवी, आणि ती वहीतूनच मिळते.

वही शाळेची चालेल. पाच रकाने: तारीख, वेळ, वाचन, दुरुस्त दाब, 24 तासांतला फरक. वेळा हवामान खात्याच्याच ठेवा, सकाळी 8:30 आणि संध्याकाळी 5:30, म्हणजे तुमचे आकडे कुलाब्याशी ताडता येतील. मे महिना सुरू होण्याआधी निदान 30 दिवसांची पाने भरलेली असू द्या. आणि खरेदीला शुक्रवारी जाऊ नका. त्या दिवशी मटन स्ट्रीटवरची जुन्या वस्तूंची दुकाने बंद असतात आणि आसपासच्या रस्त्यांवर जुम्मा बाजार भरतो. तिथे काटा तपासायला ना जागा मिळते ना वेळ.